न्यायमूर्ती ठेवायचे का? ‘हो-नाही’ची खूण करण्याआधी निकाल कसे वाचावेत

२०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते, गॅसवर दूध ठेवलं होतं आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ. तिच्या जेवणाच्या टेबलावर टपालानं आलेली मतपत्रिका उलगडून ठेवलेली.

"आई, हे बघ की. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींची नावं आहेत. ह्यांना आणखी एक मुदत ठेवायचं का, हो की नाही, एवढंच विचारलंय. पक्ष नाही, समोर दुसरा उमेदवार नाही. मी काय करू? तू कोर्टात होतीस, तूच सांग."

मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात ३४ वर्षं लघुलेखक होते. न्यायाधीश साहेबांनी सांगायचं, मी वहीत उतरवायचं, मग टाइप करून समोर ठेवायचं. हजारो निकाल माझ्या बोटांखालून गेले असतील. तरीही तिला म्हटलं, "कुणाला ठेवायचं ते मी सांगणार नाही, तो हक्क तुझा. निकाल कसा वाचायचा ते मात्र सांगते." पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघी रोज सकाळ-रात्र हेच करत होतो. आपल्याकडच्या किती घरांतली मुलं आता तिकडची नागरिक झाली आहेत, त्यांच्याकडंही असा कागद येतो आणि बहुतेक जण तो प्रश्न कोरा सोडून देतात. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी पद्धत समजून घ्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. काही राज्यांत न्यायमूर्ती नेमले जातात, काहींत निवडून येतात, आणि बऱ्याच राज्यांत मुदत संपली की लोकांना फक्त विचारतात, ह्यांना ठेवू का? १९४० साली मिसूरी राज्यानं ही रीत स्वीकारली, तिथून ती पसरली. मुदत सगळीकडं सारखी नाही. ॲरिझोनात ६ वर्षं, आयोवात ८, पेनसिल्व्हेनियात १०, कॅलिफोर्नियात १२. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा न्यायमूर्ती पक्षाच्या नावावर निवडून येतात, पुढच्या मुदतीला मात्र नुसतं हो-नाही. लेकीच्या कागदावरचे तिघं, क्रिस्टीन डोनाह्यू, केव्हिन डोहर्टी आणि डेव्हिड वेक्ट, २०१५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आले होते. कागदावर त्याचा उल्लेख नव्हता.

आपल्याला हे नवीन वाटतं. आपल्याकडं न्यायमूर्तींची निवड ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम करतं, उच्च न्यायालयात ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी निवृत्ती, आणि मधेच काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. सामान्य माणसाला कुणी विचारत नाही. त्यामुळं न्यायाधीशाचं काम जोखायची सवयच आपल्याला नाही. बाररूममध्ये जे ऐकू येतं तेच खरं मानतो: हे साहेब जामीन देतात, ते साहेब शिक्षा लावतात. लेकीच्या पिशवीत हीच सवय मी नकळत बांधून दिली होती. तिचा पहिला प्रश्न होता, "ह्यांनी आपल्या बाजूचे निकाल दिलेत का?"

ह्या प्रश्नापासून सुरुवात करू नका. त्यानं काय होतं ते आयोवात दिसलं. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहांना मान्यता दिली. सातही न्यायमूर्तींचं एकमत होतं. २०१० मध्ये सातांपैकी तिघांचीच मुदत आली, मोठी मोहीम झाली, तिघंही गेले. तो निकाल ज्यांनी लिहिला त्या मार्क केडींचं नाव त्या वर्षी मतपत्रिकेवर नव्हतंच. ते राहिले, पुढं मुख्य न्यायमूर्ती झाले आणि २०१६ मध्ये लोकांनी त्यांना ठेवलंही. मग २०१० मध्ये लोकांनी नक्की काय जोखलं? त्या तिघांच्या बाकीच्या कामाचं एक पानही कुणी उघडलं नसावं असं मला वाटतं.

दुसरी चूक म्हणजे भलत्याचाच राग काढणं. पेनसिल्व्हेनियात जुलै २००५ मध्ये आमदारांनी मध्यरात्रीनंतर, चर्चा न करता पगारवाढ मंजूर करून घेतली. त्यात न्यायाधीशांचेही पगार होते. लोक भडकले. त्या नोव्हेंबरात आमदार मतपत्रिकेवर नव्हते, सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती होते. त्यातले रसेल निग्रो हरले, दुसऱ्या थोडक्यात वाचल्या.

आता वाचायचं काय, ते. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर सगळे निकाल फुकट मिळतात. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर कोण कोण बसले होते, कुणी लिहिला, युक्तिवाद कधी झाला आणि निकाल कधी लागला हे असतं. वर ठळक लिहिलेलं असतं की हे बहुमताचं मत आहे, सहमतीचं (निकाल मान्य, पण कारणं वेगळी) आहे की विरोधी. एका न्यायमूर्तीची दहा वर्षं तुम्ही वाचू शकणार नाही, गरजही नाही. पाच-सहा निकाल घ्या, पण निवड डोकं लावून करा. एक-दोन त्यांनी स्वतः बहुमतासाठी लिहिलेले, एक-दोन विरोधी मतं, एखादा असा जिथं ते आपल्या नेहमीच्या जोडीदारांपासून बाजूला झाले. आणि एक अगदी रटाळ विषयाचा. हा शेवटचा सोडू नका. गाजलेल्या खटल्यात सगळेच जपून लिहितात. ज्याकडं एकही वार्ताहर फिरकत नाही तिथं माणसाचा हात खरा दिसतो. माझे वडील गुळाच्या बाजारात होते. वरून पिवळाधमक दिसणारा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ते फोडल्याशिवाय भाव बोलायचे नाहीत.

रटाळ म्हणून आम्ही वेक्ट यांचा २०१७ चा एक निकाल काढला. शाळेत काम करणाऱ्या एका बाईंचा गुडघा कामावर असताना दुखावला होता. तिथल्या कायद्यात होतं की अशा कामगाराचं अपंगत्व किती टक्के आहे ते डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पुस्तकाच्या ‘सर्वांत ताज्या आवृत्ती’नुसार ठरवायचं. ५० टक्क्यांखाली आलं की भरपाईवर ५०० आठवड्यांची मर्यादा. प्रश्न एवढाच की पुस्तकाची आवृत्ती बदलली की कायदाही बदलणार, मग कायदा कोण करतंय, आमदार की डॉक्टरांची खासगी संघटना? वेक्ट यांनी लिहिलं, कायदा करायचं काम विधिमंडळाला असं दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही, आणि ती तरतूद रद्द केली. एकट्या न्यायमूर्ती बेअर यांनी विरोध केला. लेकीला वाटलं होतं झोप येईल. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, हे समजलं की गं मला." वकील नसलेल्या माणसाला निकाल समजणं हीसुद्धा न्यायाधीशाच्या कामाची एक कसोटी आहे. ज्याचा दावा असतो तो काही वकील नसतो.

आता जी कसोटी मी सगळ्यांत वर ठेवते ती सांगते, आणि ती मला कुठं मिळाली तेही.

खूप वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चेंबरमध्ये एक साहेब मला दिवाणी दाव्याचा निकाल सांगत होते. बाहेर पट्टेवाला दिवे मालवत होता. साहेब बोलत होते, "प्रतिवादीच्या वकिलांनी असा मुद्दा मांडला की…" आणि मुद्दा सांगून पुढं एक वाक्य बोलले, "परंतु हा मुद्दा मान्य करता येत नाही." मग थांबले. म्हणाले, "बाई, मागचं वाचा." मी वाचलं. पुन्हा वाचा म्हणाले. पुन्हा वाचलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "का मान्य करता येत नाही ते मी सांगितलंच नाही." ती पानं त्यांनी तशीच ठेवून घेतली. दोन दिवसांनी तोच परिच्छेद नव्यानं सांगितला. निकाल फिरला नाही, प्रतिवादी हरायचा तो हरलाच, पण दोन पानं वाढली होती. त्या माणसानं नक्कल काढली तेव्हा मी त्याला पायऱ्यांवर बसून वाचताना पाहिलं. एक बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. पुढं त्यानं अपील केलं नाही.

ह्याच्या उलट आमच्या घरी झालं. माहेरच्या जमिनीचा वाटपाचा दावा होता, करवीर तालुक्यातली साडेतीन एकर. वडिलांचा सगळा भार एका जुन्या खरेदीखतावर. अपिलात हरलो. निकालपत्र मी स्वतः घरी आणून वडिलांना वाचून दाखवलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि त्या खरेदीखताचा उल्लेखच आला नाही. कदाचित त्या खतात दोष असेल, कदाचित हरणंच योग्य असेल. पण वडील म्हणाले, "आमचं म्हननं ऐकलंच न्हाई की." पुढं मुंबईला उच्च न्यायालयात जायची ऐपत नव्हती. रात्रीची गाडी, वकिलाची फी, तारखेमागून तारखा. तो दावा तिथंच संपला.

म्हणून मी लेकीला सांगितलं: प्रत्येक निकालात हरलेल्या बाजूचं म्हणणं शोध. हरलेल्या माणसानं हे वाचलं तर त्याला आपला मुद्दा ओळखू येईल का? पूर्ण ताकदीनं मांडलाय की लुळा करून? आणि त्याला उत्तर दिलंय की नुसतं ‘मान्य करता येत नाही’ म्हटलंय?

हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. बहुमताचं आणि विरोधी, दोन्ही मतं शेजारी ठेवा आणि फक्त हकिकतीचा भाग वाचा. दोघांनी एकच खटला सांगितलेला असतो. एकानं सांगितलेली आणि दुसऱ्यानं गाळलेली गोष्ट सापडली की पेन्सिलनं खूण करा. ती गोष्ट किरकोळ असेल तर सोडून द्या. महत्त्वाची असेल तर विचारा, ही का गाळली?

आम्ही हे प्रसिद्ध अमेरिकी विनोदी नट बिल कॉस्बी ह्यांच्या खटल्यावर केलं. २०२१ चा निकाल, बहुमताचं मत वेक्ट यांचं, ७९ पानी. बिंदू चौकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी छापून घेतला, स्क्रीनवर माझ्यानं वाचवत नाही. खटला असा. २००५ मध्ये एका महिलेनं कॉस्बींवर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. तेव्हाच्या सरकारी वकिलानं खटला भरणार नाही असं प्रसिद्धिपत्रक काढलं. खटल्याची भीती नाही म्हटल्यावर कॉस्बींना भरपाईच्या दिवाणी दाव्यात गप्प बसायचा हक्क उरला नाही. त्यांनी शपथेवर चार बैठकांत जबानी दिली. दहा वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, पुढच्या अधिकाऱ्यांनी खटला भरला आणि तीच जबानी पुराव्यात आणली. २०१८ मध्ये दोषी ठरले, ३ ते १० वर्षांची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि पुन्हा खटला चालवायलाही मनाई केली.

लेक चिडली. "असल्या माणसाला सोडलं?" मलाही राग आला. मी अशा खटल्यांतल्या साक्षी टाइप केल्या आहेत, मुलींचे थांबत थांबत आलेले शब्द, आणि मधेच साहेबांनी सांगितलेलं ‘साक्षीदार रडू लागली’ हे वाक्यसुद्धा. तो राग खोटा नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की तो एका चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेव, वाचून झाल्यावर पुन्हा हातात घे.

मग वाचलं. वेक्ट म्हणतात, सरकारनं शब्द दिला, त्या शब्दावर विसंबून माणसानं आपला घटनात्मक हक्क सोडला, आता सरकारला शब्द फिरवता येणार नाही. म्हणून खटलाच पुढं चालणार नाही. डोनाह्यू त्यांच्याबरोबर होत्या. डोहर्टी अर्ध्या वाटेपर्यंत आले. शिक्षा रद्द व्हावी हे त्यांनाही मान्य, पण कुणालाही कायमचं अभय द्यायचा अधिकार सरकारी वकिलाला मुळात नाही, म्हणून ती जबानी तेवढी पुराव्यातून काढा आणि नव्यानं खटला चालू द्या, असं त्यांचं मत. न्यायमूर्ती सेलर यांनी पूर्ण विरोध केला. त्या प्रसिद्धिपत्रकात कायमचा शब्द दिलेलाच नव्हता असं ते म्हणाले.

बघा, एकाच पक्षाकडून एकाच वर्षी निवडून आलेले तिघं, आणि एका खटल्यात दोघं इकडं, एक वेगळा. मतपत्रिकेवर ते एका ओळीत दिसतात म्हणून एकाच मापानं मोजायचे नाहीत. मला स्वतःला डोहर्टींचा उपाय जास्त पटला. तरी वेक्ट यांनी डोहर्टींचं म्हणणं टाळलेलं नाही, त्याला उत्तर दिलंय. ते उत्तर पटतं का हा वेगळा प्रश्न, पण ‘आमचं ऐकलंच नाही’ असं तिथं म्हणता येत नाही. लेकीनं चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. म्हणाली, राग आहेच, पण आता कुणाचा ते कळतंय. पहिला राग त्या प्रसिद्धिपत्रकाचा.

उपाय किती पुढं जातो हे नेहमी पाहा. कोण जिंकलं ह्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, ‘हुकूम’ ह्या शब्दाखालच्या चार ओळी कुणी वाचत नाही. माझ्या नोकरीत मी शेवटचं पान आधी वाचायला शिकले. दरखास्तीला, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागताना, तेच पान लागतं, कोर्टाचा बेलीफ तेच पान घेऊन दारात जातो. न्यायाधीश गरजेपुरतंच बोलला की हाती आलेल्या प्रकरणाच्या निमित्तानं शेजारचंही शेत नांगरून टाकलं, ते तिथं कळतं.

पक्षाबद्दल. पक्षाच्या ओढीनं निकाल देतात का हे पाहायचं असेल तर सर्वांत तापलेल्या वेळचं प्रकरण घ्या. सप्टेंबर २०२०, करोना, समोर अध्यक्षपदाची निवडणूक. टपालानं येणारी मतं मतदानाच्या दिवसानंतर आणखी तीन दिवस स्वीकारायची का, हा प्रश्न. डेमोक्रॅटिक पक्षाला मुदतवाढ हवी होती आणि न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशी ती त्या निवडणुकीपुरती दिली. विरोधातल्या तिघांत दोन रिपब्लिकन आणि तिसऱ्या डोनाह्यू. एवढ्यावरून त्या निःपक्षपाती ठरत नाहीत. पण ज्या क्षणी पक्षाची गरज सर्वांत मोठी होती त्या क्षणी त्यांनी वेगळं लिहिलं ही गोष्ट त्यांच्या कामाच्या नोंदीत आहे, आणि दोन्ही बाजूंच्या जाहिरातींत ती सापडणार नाही. उलटंही ताडून पाहा. २०१८ मध्ये ह्याच न्यायालयानं राज्यातल्या लोकसभेसारख्या जागांचा नकाशा एका पक्षाच्या सोयीनं आखलाय म्हणून रद्द केला, तेव्हा हे तिघंही बहुमतात होते. एका प्रकरणावर विसंबू नका. खासबागेत एका डावावर पैलवान ठरत नाही.

तारखाही वाचा. युक्तिवाद झाला कधी, निकाल आला कधी. त्या नकाशाच्या प्रकरणात १७ जानेवारीला युक्तिवाद, २२ जानेवारीला आदेश, कारण उमेदवारी अर्ज तोंडावर आले होते. गरीब स्त्रियांच्या गर्भपाताचा खर्च सरकारी विम्यातून द्यायचा का, ह्या प्रकरणात २०२२ च्या ऑक्टोबरात युक्तिवाद झाला आणि निकाल लागला २९ जानेवारी २०२४ ला. डोनाह्यूंनी लिहिलेला, लांबलचक. उशीर म्हणजे आळस असं लगेच धरू नका. १९८५ चा स्वतःचाच जुना निकाल बाजूला सारायचा असेल तर वेळ लागतो. पण एखाद्याच्या नावावर साधी प्रकरणंही वर्षानुवर्षं पडलेली दिसली तर लिहून ठेवा. ‘निकाल राखून ठेवला’ ह्या तीन शब्दांत एखादं कुटुंब किती काळ अडकून राहतं ते मी कोर्टाच्या रोजनाम्यात पाहिलं आहे.

न्यायालयानं काय ऐकायला नकार दिला हेही बघायचं असतं, आणि हे सर्वांत अवघड, कारण नकाराला पानं नसतात, एक ओळ असते. ह्याच राज्यात लुझर्न जिल्ह्यात मुलांना वकील न देता सुधारगृहात पाठवलं जात होतं. २००८ मध्ये बालहक्कांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडं धाव घेतली. जानेवारी २००९ मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्याच महिन्यात केंद्राच्या सरकारी वकिलांनी त्या जिल्ह्यातल्या दोन न्यायाधीशांवर पैसे घेतल्याचे आरोप ठेवले, मग न्यायालयानं आपला नकार मागं घेतला आणि पुढं हजारो मुलांवरचे निवाडे रद्द झाले. आताच्या तिघांचा त्याच्याशी संबंध नाही, ते तेव्हा त्या न्यायालयात नव्हते. पण एका ओळीच्या नकारात काय दडू शकतं हे लेकीला कळावं म्हणून मी ते तिला वाचायला लावलं. राज्याच्या सगळ्या खालच्या न्यायालयांवर देखरेख करणं हेही सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचंच काम आहे.

वकिलांच्या संघटना काय म्हणतात ते जरूर पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या बार असोसिएशनची समिती न्यायाधीशांची तपासणी करून शिफारस करते. ह्या तिघांनाही ठेवावं अशी तिची शिफारस होती. ॲरिझोना, अलास्का, कोलोरॅडो, युटा इथं तर हे काम सरकारी पातळीवर होतं, अहवाल मतदाराला आयता मिळतो. तुमचं मूल तिथं असेल तर तिथूनच सुरुवात करा. ह्या अहवालांतून वागणूक कळते: वेळेवर बसतात का, वकिलाला बोलू देतात का, अशिलाशी नीट बोलतात का. हे निकालपत्रात दिसत नाही. पण बाररूमची हवा मला ठाऊक आहे. काल हरलेला वकील आज साहेबांबद्दल काय बोलतो आणि जिंकलेला काय बोलतो, ह्यातलं अंतर धरून वाचायचं.

युक्तिवाद बघायलाही मिळतात, पेनसिल्व्हेनियाच्या केबल वाहिनीवर त्या न्यायालयाचं कामकाज दाखवतात. अर्धा तास बघा. प्रश्न विचारणारा न्यायमूर्ती उत्तर ऐकतो का, एवढंच बघा. ज्यांना इथं कोल्हापुरात राहून नजर तयार करायची आहे त्यांना आता लांब जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. आमच्या वकिलांनी चाळीस वर्षांवर झगडून ते आणलं. न्यायालय खुलं असतं. मागच्या बाकावर शांत बसा, मोबाइल बंद ठेवा. माझ्या वडिलांना परवडली नव्हती ती वाट आता आठ आण्याच्या अंतरावर आली आहे. घरी बसून सराव करायचा तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे कितीतरी निकाल मराठीतही मिळतात. मुलींच्या वडिलोपार्जित हक्काबद्दलचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा प्रकरणातला निकाल घ्या. हक्कसोडपत्रावर सही करायला बसलेल्या प्रत्येक बहिणीनं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

घरात येणाऱ्या रंगीत पत्रकांचं काय करायचं? लेकीकडं दोन्ही बाजूंची आली होती. मी म्हटलं, फेकू नकोस. तळाशी बारीक अक्षरात पैसे कुणी दिले ते छापलेलं असतं, ते वाच. मग पत्रकातल्या दाव्यात कोणत्या खटल्याबद्दल बोलतायत ते शोध आणि तो खटला काढून बघ. खटल्याचं नाव, सालच नसेल तर तिथंच थांब. आणि आपले हितसंबंध असलेलं प्रकरण समोर आल्यावर न्यायमूर्ती बाजूला होतात का तेही बघायचं. आपल्याकडं साहेब ‘नॉट बिफोर मी’ म्हणायचे आणि कागद दुसऱ्या न्यायाधीशांच्या बोर्डावर जायचा. मला ते शब्द टाइप करताना नेहमी बरं वाटायचं.

‘नाही’ची खूण करायची असेल तर पुढं काय होतं तेही माहीत असू द्या. पेनसिल्व्हेनियात जागा रिकामी झाली की गव्हर्नर नाव सुचवतात, राज्याच्या सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते, आणि मग पुढच्या विषम वर्षाच्या निवडणुकीत ती जागा लोक भरतात. सात जणांच्या न्यायालयात तीन जागा एकदम म्हणजे थोडं नाही. शिवाय ७५ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे, त्यामुळं डोनाह्यूंना १० वर्षांची मुदत मिळाली तरी २०२७ अखेर जावंच लागणार. त्या निवडणुकीत तिघंही राहिले. पण मत देताना असल्या हिशेबाला किती वजन द्यायचं ह्यावर आमच्या दोघींचं एकमत झालं नाही. ती म्हणते, पुढं कोण येईल हा विचार हवाच. मी म्हणते, समोरच्या माणसाचं काम बघ. सांगून टाकते, तिचंही म्हणणं चुकीचं नाही.

एखाद्याबद्दल वाचून झालंच नाही, तर तो प्रश्न कोरा ठेवा. बाकीची मतं मोजली जातातच. लेकीनं खालच्या न्यायालयांतल्या दोघांचे रकाने तसेच ठेवले.

शेवटच्या रात्री तिनं कॅमेरा टेबलाकडं वळवला. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, त्यावर काहीही लिहायचं नाही, मग ते बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट राहिलं तर मत बाद. आणि टपालाचा शिक्का कधीचाही असो, मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत ते जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात पोचलं पाहिजे. "झालं," म्हणाली. मी म्हटलं, तारीख दाखव. तिनं पाकीट कॅमेऱ्याजवळ धरलं. सवयीनं दिवस आधी लिहायला गेली होती, तिकडं महिना आधी लिहितात. आकडा अर्धाच झाला होता, त्याचाच तिनं नीट १० केला, मग दिवस, आणि मला पुन्हा वाचून दाखवलं.